वाचक विचारतात: इंग्लंडची जुनी चांदीची नाणी – वेगळेपण ठशातलं की घावातलं?

या खेपेची बहुतेक पत्रं इंग्लंडच्या मध्ययुगीन, हातोड्याने पाडलेल्या चांदीच्या नाण्यांबद्दल आहेत. पेनी आणि ग्रोट (चार पेनींचं नाणं) ही दोनच नाणी सगळ्या पत्रांत आहेत, आणि प्रत्येकाला आपल्याकडचा नमुना नेहमीचा की वेगळा हे ठरवायचं आहे. नाण्यांवरची रोमन अक्षरं उत्तरांत एकेक करून देवनागरीत दिली आहेत. नाणं हातात घेऊन भिंगाखाली तीच अक्षरं शोधावीत.

प्रश्न: पहिल्या एडवर्डच्या पेनीवर राजाला दोन हनुवट्या आहेत आणि लेखाची, म्हणजे कडेच्या मजकुराची, पाच-सहा अक्षरं दुहेरी दिसतात. हा नोंद न झालेला प्रकार असेल का?

नाही. हा दुहेरी घाव आहे. तो कसा ओळखायचा हे जरा सविस्तर सांगतो, कारण पुढची बरीच उत्तरं याच आधारावर उभी आहेत.

या नाण्यांना दोन ठसे लागत. राजाच्या मुखवट्याचा खालचा ठसा लाकडी ओंडक्यात रोवलेला असे. त्यावर चांदीची चकती ठेवायची, चकतीवर क्रूसाचा वरचा ठसा हाताने धरायचा आणि त्याच्या डोक्यावर हातोडा घालायचा. मार थेट वरच्या ठशावर बसत असल्याने तो लवकर फुटे, म्हणून एका खालच्या ठशाच्या आयुष्यात वरचे दोन किंवा जास्तही ठसे खपत. ठशावरची अक्षरं आणि चित्र मुख्यतः छोटे पंच (टोकाला आकार असलेली ठोकणीची हत्यारं) ठोकून जुळवलेलं असे. सुरुवातीच्या काळात सरळ दांडा, पाचर, चंद्रकोर अशा मोजक्या पंचांतून अक्षर उभं राहायचं. पुढे संपूर्ण अक्षराचे पंच आले.

म्हणजे नाण्यावरचं वेगळेपण तीन जागांवरून येऊ शकतं: ठशातून, घावातून, किंवा नाणं टांकसाळीबाहेर पडल्यानंतर त्याचं जे झालं त्यातून. यातलं पहिलंच प्रकार या नावाला पात्र आहे.

तुमच्या नाण्यावर शेजारशेजारची अक्षरं एकाच दिशेने आणि एकाच अंतराने सरकलेली असतील. आतलं मणीवर्तुळही त्याच बाजूला दुहेरी दिसेल. आधीच्या घावाची रेषा चपटलेली आणि नंतरची तिच्यावर ठळक, असा क्रम भिंगाखाली कळतो. चकती पहिल्या घावानंतर जराशी हलली आणि दुसरा घाव बसला, एवढंच घडलं आहे.

याउलट ठसा दुरुस्त केलेला असेल तर एखाद्याच अक्षरामागे सावली असते, शेजारची अक्षरं स्वच्छ असतात, आणि ती सावली बहुतेकदा वेगळ्याच अक्षराची असते. उदाहरणार्थ आधी ठोकलेल्या ‘ए’वर नंतर ठोकलेला ‘डी’. हे वेगळेपण त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर असणार. म्हणून खरा पुरावा म्हणजे त्याच ठशातलं दुसरं नाणं.

ते शोधायची रीत अशी. दोन्ही नाण्यांची छायाचित्रं सारख्या मापाची करून सुरुवातीची खूण (लेख सुरू होतो तिथलं छोटं चिन्ह) बरोबर वर आणावी. मग तीन-चार जागा निवडाव्यात: मुकुटाचं डावं टोक कोणत्या अक्षराकडे रोखलेलं आहे, क्रूसाचा हात कोणत्या दोन अक्षरांमधून जातो, एखादं अक्षर रेषेवरून किती खाली घसरलं आहे. पंच एकच असला तरी हाताने ठोकलेल्या दोन ठशांत ही सगळी अंतरं एकदम जुळत नाहीत. ती जुळली तर ठसा तोच.

प्रश्न: एका पेनीच्या मागे क्रूसाऐवजी राजाचाच चेहरा आहे, पण खोलगट आणि उलटा. दोन राजमुखांचं नाणं म्हणून ते वेगळं ठेवावं का?

आधीचं नाणं वरच्या ठशाला चिकटून राहिलं आणि त्याच्याच चेहऱ्याचा खोल छाप तुमच्या चकतीवर उमटला. दोन्ही बाजूंचा चेहरा एकाच खालच्या ठशातला असतो, एकदा उठावात आणि एकदा खोलात. हा घावाचा अपघात आहे. नाणं जपून ठेवण्यासारखं आहे, मात्र प्रकारांच्या यादीत त्याला जागा नाही.

प्रश्न: एडवर्ड नावाची पेनी कुठल्या एडवर्डची हे कसं ओळखायचं? लेख काही नाण्यांवर ई-डी-डब्ल्यू-आर, काहींवर ई-डी-डब्ल्यू-ए-आर, तर एकावर पूर्ण ई-डी-डब्ल्यू-ए-आर-डी असा आहे.

1279 मध्ये पहिल्या एडवर्डने चलन नव्याने पाडायला घेतलं तेव्हापासून पेनीवर एकेरी लांब क्रूस आला आणि मागच्या बाजूला टांकसाळ चालवणाऱ्याऐवजी गावाचं नाव आलं. नाव पाडणाऱ्याचंच असलेला ठळक अपवाद बरी सेंट एडमंड्सचा. तिथे काही काळ रॉबर्ट द हॅडली हे नाव दिसतं. या मालिकेचे पंधरा वर्ग पाडलेले आहेत: एक ते दहा मुख्यतः पहिल्या एडवर्डचे, अकरा ते पंधरा दुसऱ्याचे. दहाव्या वर्गाचं काम बापाच्या शेवटच्या वर्षांत सुरू होऊन 1307 नंतर मुलाच्या राज्यातही चाललं, त्यामुळे तिथे राजांची सीमा नाण्यावर आखलेली नाही.

आधी नाव वाचा. ई-डी-डब्ल्यू एवढंच नाव आणि पुढे सुटा ‘आर’ असेल तर नाणं पहिल्या नऊ वर्गांतलं असण्याची शक्यता दांडगी. पूर्ण ‘आर-ई-एक्स’ असेल तर पहिल्या वर्गाचा आरंभ. ई-डी-डब्ल्यू-ए-आर-डी हे दहाव्या वर्गाच्या सुरुवातीचं लक्षण, आणि ई-डी-डब्ल्यू-ए पुढे ‘आर’ हे त्याच वर्गाच्या पुढच्या, भरपूर सापडणाऱ्या नाण्यांचं. ही शेवटची लिहिण्याची पद्धत दुसऱ्या एडवर्डच्या वर्गांतही चालू राहिली, म्हणून ए दिसला की तिथेच थांबू नका.

नावानंतर छाती पाहा. तीन बिंदू असतील तर चौथ्या वर्गाचा शेवट. एकच बिंदू असेल आणि नाणं पसरट असेल तर पाचवा. गुलाब असेल तर सातवा. तारा असेल तर बहुधा नववा. छातीचा उंचवटा सगळ्यात आधी झिजतो, त्यामुळे तारा आणि बिंदू यांत गल्लत होते. दिवा जवळजवळ नाण्याच्या पातळीवर, एका बाजूला ठेवून नाणं हळूहळू फिरवा. ताऱ्याची टोकं एका कोनात नाही तर दुसऱ्या कोनात सावली टाकतात. बिंदूची सावली प्रत्येक कोनातून गोलच पडते.

दहाव्या वर्गापुढे सगळी भिस्त मुकुटावर आहे, आणि इथेच तुटक्या पंचांचा खरा उपयोग होतो. अकराव्या वर्गात मुकुटाच्या डाव्या बाजूच्या दोन टोकांमधला लहान दागिना मोडका दिसतो. बाराव्यात मधलं लिलीफूल तीन पाचरींचं आहे. तेराव्यात तेच फूल दुधारी कुऱ्हाडीच्या पात्यासारखं पसरतं. चौदाव्यात मधलं फूल उंच, चेहरा मोठा आणि हसरा. पंधराव्यात मुकुट बसका, आणि दोन्ही बारीक टोकं बहुधा डावीकडे कललेली. मोडलेला पंच बदलेपर्यंत त्यातून निघालेल्या सगळ्या ठशांवर तीच मोड येते, म्हणूनच ही खूण वर्ग ठरवण्याइतकी भक्कम आहे. मुकुट नीट उमटला नसेल तर ‘अकरा ते पंधरा’ एवढंच लिहून ठेवावं. अंदाजाने वर्ग ठोकून देण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

उलट्या ‘एन’बद्दल दोन पत्रं आहेत. दुसऱ्या वर्गात तो नेहमीचाच आहे, पुढेही अधूनमधून भेटतो. ‘ए’ची आडवी रेघ नसणं ही चूक नसून चौथ्या वर्गाच्या मध्यापासून सुरू झालेली पद्धत आहे. नवव्या वर्गातला आकड्यासारखा वळलेला ‘एन’ तसाच.

प्रश्न: डरहॅमच्या पेनीवर लेखाच्या सुरुवातीला नेहमीचा क्रूस नसून फाटलेल्या टोकांचं चिन्ह आहे. दुसऱ्या एकीच्या मागच्या क्रूसाचा एक हात वाकडा आहे. ठसा तुटला होता का?

ठसा तुटलेला नाही. डरहॅमची टांकसाळ बिशपच्या हक्काची होती आणि बिशप आपली ओळख ठशात उमटवत. टोकं दुभंगून बाहेर वळलेला क्रूस हा अँटनी बेकचा, 1283 ते 1311. त्याच्यानंतर आलेल्या रिचर्ड केलॉच्या, 1311 ते 1316, नाण्यांवर मागच्या क्रूसाचा एक हात धर्मदंडाच्या मुठीसारखा डावीकडे वळतो; तुमचा ‘वाकडा’ हात हाच. सुरुवातीची खूण सिंह असेल आणि सोबत लिलीफूल असेल तर लुई बोमाँ, 1317 ते 1333. पुढे थॉमस हॅटफिल्डच्या, 1345 ते 1381, काळात धर्मदंडाची मूठ पुन्हा येते, पण उजवीकडे वळलेली. केलॉ आणि हॅटफिल्ड या दोघांत घोळ झाला तर मुठीच्या दिशेबरोबर वजनही पाहा. 1351 नंतरची पेनी स्पष्ट हलकी आहे.

बिशपची खूण वर्ग ठरवायलाही मदत करते. बोमाँचा सिंह असताना मुकुट अकराव्या वर्गाचा वाटला तर मुकुट पुन्हा तपासा. आणि खरोखरच तसा असेल तर हाती काही विशेष लागलं आहे.

अशाच खुणा इतरत्रही आहेत. यॉर्कच्या आर्चबिशपच्या टांकसाळीत पाडलेल्या पेनीच्या मागे क्रूसाच्या मध्यावर चार पाकळ्यांची आकृती असते. तिसऱ्या एडवर्डच्या काळात रेडिंगच्या मठाच्या नाण्यांवर मागच्या एका चतुर्थांशात (क्रूसाने पाडलेल्या चार भागांपैकी एकात) तीन बिंदूंऐवजी शिंपला येतो. बेरिकच्या काही नाण्यांवर अस्वलाचं डोकं असतं. झिजलेल्या नाण्यावर शिंपला आणि डोकं दोन्ही नुसत्या गोळ्यासारखे दिसतात. त्या चतुर्थांशात तीन वेगळे उंचवटे आहेत की एकच मोठा, हे आधी मोजा.

प्रश्न: दुहेरी रेषेच्या छोट्या क्रूसाच्या पेनीवर नाव हेन्री असताना विकणारा ती जॉन राजाची म्हणतो. फसवतोय का?

फसवत नसावा. 1180 मध्ये दुसऱ्या हेन्रीने सुरू केलेल्या या नाण्यांवर 1247 पर्यंत एच-ई-एन-आर-आय-सी-व्ही-एस हेच नाव राहिलं. मधे रिचर्ड आणि जॉन होऊन गेले, पण इंग्लंडच्या पेनीवर दोघांपैकी कुणाचंही नाव आलं नाही. जॉनचं नाव हवं असेल तर ते आयर्लंडच्या नाण्यांवर मिळतं, तिथे राजाचं डोकं त्रिकोणात आहे.

या मालिकेचे आठ वर्ग आहेत. जॉनचा ठाम पुरावा पाचव्या वर्गात मिळतो. 1205 च्या पुनर्टंकनात काम एकदम सुबक झालं, चेहरा नीट गोल, केसांची वळणं मोजता येतील अशी. या वर्गाच्या पहिल्या टप्प्यात राजाच्या नावातला शेवटचा ‘एस’ उलटा असतो, नंतर सरळ होतो. उलट्या ‘एस’ची दर्शनी बाजू आणि आधीच्या घडणीची मागची बाजू एकत्र आली तर तो दोन वर्गांचा संकर, आणि तो मुद्दाम शोधण्याजोगा आहे.

मागचा लेख वाचायला बहुतेकांना जड जातो. वरच्या क्रूसापासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने निघा. आधी पाडणाऱ्याचं नाव, मग ‘ओ-एन’ (म्हणजे ‘येथे’), मग गाव. एकमेकांना चिकटलेली अक्षरं एकच दांडा वाटून घेतात. ‘ए’ आणि ‘एन’, ‘एन’ आणि ‘आर’ अशी जोडी बऱ्याचदा भेटते. डब्ल्यू म्हणजे दोन ‘व्ही’. ‘ओ-एन’ सापडलं की लेखाचे दोन तुकडे होतात आणि वाचन सोपं होतं. नाव एकटं पुरेसं नाही: निकोल लंडनलाही आहे आणि कँटरबरीलाही. गाव उमटलं नसेल तर वर्ग आणि नाव मिळून त्या वर्गात कोण कुठे काम करत होतं हे ताडून पाहावं लागतं.

अर्धी किंवा पाव कापलेली नाणी मोडकी समजून टाकू नका. 1279 पर्यंत सुट्या नाण्यांची गरज मुख्यतः पेनी क्रूसाच्या रेषेवर कापूनच भागवली जाई. पावतुकड्यावर ‘ओ-एन’ आणि गावाचं एक अक्षर असलं तरी कधीकधी पूर्ण ओळख पटते.

1247 नंतरचा लांब क्रूस मात्र कडेपर्यंत जातो, कडा कातरली तर कळावं म्हणून. त्या मालिकेत पहिली छाननी राजदंडाची: राजाच्या हातात दंड नसेल तर पहिले तीन वर्ग, असेल तर चौथा आणि पुढचे. नावापुढे तिसरा हे शब्दात लिहिलं आहे की तीन उभ्या रेघांनी, हेही टिपा. तिसऱ्या वर्गापासून रेघाच येतात.

प्रश्न: सहाव्या हेन्रीच्या ग्रोटवर गळ्याजवळ छोटी वलयं आहेत. मागच्या बाजूच्या दोन चतुर्थांशांतही आहेत. काही नाण्यांवर ती फक्त मागे आहेत. कोणती दुर्मीळ?

दुर्मीळ यातलं काहीच नाही, पण फरक खरा आहे. वलयाचा टप्पा 1422 पासूनचा. गळ्याशी आणि मागेही वलयं असतील तर नाणं कॅलेचं (फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं, तेव्हा इंग्लंडच्या ताब्यातलं गाव), फक्त मागे असतील तर लंडनचं. मागच्या आतल्या वर्तुळातलं गावाचं नाव वाचून खात्री करा.

या राजाचे टप्पे लेखातल्या आणि मुखाभोवतीच्या छोट्या खुणांवर ठरले आहेत. क्रम पाठ असलेला बरा: वलय, मग गुलाब आणि पोकळ शंकरपाळं, मग पाइनचं बोंड आणि शंकरपाळं, पान आणि शंकरपाळं, पान आणि त्रिदल, त्रिदल, त्रिदल आणि बिंदू, पान आणि बिंदू, बिनखुणेचा टप्पा, आणि शेवटी 1460 पर्यंतचा फुली आणि बिंदूचा. पान आणि शंकरपाळं यांचा टप्पा इतरांच्या मानाने खूपच कमी भेटतो.

चूक कुठे होते? पान आणि बिंदू या टप्प्यात छातीवर पान आणि मुकुटाच्या दोन बाजूंना बिंदू असतात. त्रिदल आणि बिंदू यातही छातीवर बारीक पान आणि मुकुटाशी बिंदू आहेत, शिवाय गळ्याच्या बाजूंना त्रिदलं. त्रिदलं झिजली की दुसरा टप्पा पहिल्यासारखा दिसतो. म्हणून आधी गळ्याच्या दोन्ही बाजू पाहायच्या आणि मग छाती. शेवटच्या टप्प्यात गळ्यावर फुली असते, आणि तीही झिजून बिंदूसारखी होते.

प्रत्येक बाजू स्वतंत्र वाचा, दुसरी बाजू झाकून. समोरून एक टप्पा निघाला आणि मागून दुसरा, तर तो संकर. खालचा ठसा जास्त टिकत असल्याने जुनी दर्शनी बाजू आणि नवी मागची बाजू ही जोडी सहज घडण्याजोगी आहे. उलट जोडीही मिळते, कारण उरलेला वरचा ठसा कुणी फेकून देत नसे. तिसऱ्या एडवर्डच्या ग्रोटनाही हेच लागू. 1356 च्या सुमाराच्या नाण्यांवर सुरुवातीची खूण मुकुटाची आहे. एका बाजूला मुकुट आणि दुसरीकडे आधीच्या किंवा नंतरच्या घडणीचा क्रूस दिसला तर नोंद करा. त्या राजाच्या बाबतीत पदवीही बोलते: 1351 ते 1361 फ्रान्सचा उल्लेख, 1360 च्या फ्रान्सशी झालेल्या ब्रेतिन्यीच्या तहानंतर त्याजागी अ‍ॅक्विटेन, आणि 1369 पासून पुन्हा फ्रान्स.

नोंद करताना ‘पान आहे’ एवढं लिहून भागत नाही. कोणत्या शब्दानंतर कोणती खूण आहे ते लिहा. ग्रोटच्या मागे दोन वर्तुळांत लेख आहे, त्यामुळे शब्दांमधल्या जागा भरपूर. नोंद न झालेले बारकावे बहुतेक तिथेच दडलेले असतात.

प्रश्न: वजनावरून काय काय कळतं?

पुष्कळ. न कातरलेल्या पेनीचं ठरलेलं वजन 1279 मध्ये सुमारे 1.44 ग्रॅम होतं. 1351 ला ते 1.17 वर आलं, 1412 ला 0.97 वर, 1464 ला 0.78 वर. ग्रोट याच्या चौपट: 1351 पासून 4.67 ग्रॅम, 1412 पासून 3.89, 1464 पासून 3.11. गोल, पूर्ण लेखाचा ग्रोट 3.1 ग्रॅम भरत असेल तर तो 1464 नंतरचा धरून तपास सुरू करावा. वजन फक्त वरची मर्यादा सांगतं, कारण झीज आणि कातरणं ते खालीच नेतात. 1.3 ग्रॅमची पेनी 1351 नंतरची असण्याची शक्यता जवळपास नाही, पण 0.9 ग्रॅमची पेनी 1280 ची असू शकते. तराजू किमान 0.01 ग्रॅम दाखवणारा हवा.

प्रश्न: स्टीफन राजाच्या पेनीवर चेहऱ्यावरून मोठी फुली मारलेली आहे. नंतर कुणी खरवडली असेल, तर किंमत शून्य का?

फुलीच्या रेषा वर आलेल्या आहेत की आत गेलेल्या, यावर सगळं अवलंबून आहे. नाण्यावर सुरीने ओढलेली रेघ खोल असते. ठशावर ओढलेली रेघ मात्र नाण्यावर उठून येते, कारण ठशातल्या खाचेत चांदी शिरते. स्टीफनच्या कारकिर्दीत, 1135 ते 1154, गादीवर हक्क सांगणाऱ्या मटिल्डाशी चाललेल्या यादवीत काही ठिकाणी राजाच्या मुखाचे ठसे मुद्दाम बिघडवून तसेच वापरले गेले. नॉटिंगहॅमच्या नाण्यांवर चेहऱ्यावरून गेलेला असा क्रूस ओळखीचा आहे. रेषा उठावात असतील तर हा खराखुरा प्रकार आहे आणि महत्त्वाचा आहे. नखाने तपासू नका. बाजूने दिवा लावा आणि सावली रेषेच्या कुठल्या अंगाला पडते ते शेजारच्या अक्षरांच्या सावलीशी ताडून पाहा. दोन्ही सावल्या एकाच अंगाला पडल्या तर रेषा उठावात आहे.

याच राजवटीत नावाच्या जागी पी-ई-आर-ई-आर-आय-सी असा लेख येतो. ही एखाद्या कारागिराची चूक मानता येत नाही, कारण तो एकापेक्षा जास्त गावांच्या नाण्यांवर आहे.

त्याआधीच्या पहिल्या हेन्रीच्या, 1100 ते 1135, कित्येक नाण्यांच्या कडेला छोटा काप असतो. काप ठशात नव्हता तरी तो टांकसाळीतच दिलेला आहे. कापाच्या आतली चांदी बाहेरच्याच रंगाची आणि कडा गोलावलेल्या असतील तर जुना. आत चकाकी असेल तर अलीकडचा.

प्रश्न: एका ‘एडवर्ड’ पेनीवर मुकुटाऐवजी फुलांची माळ दिसते. लेख वाचता येतो पण त्यात एडवर्ड नाही.

हे इंग्लंडचं नाणंच नाही. तेराव्या शतकाच्या शेवटी फ्लँडर्स, हेनो आणि आसपासच्या सरदारांनी इंग्लिश पेनीसारखी नाणी पाडली आणि ती इंग्लंडमध्ये भरपूर शिरली. माळ घातलेल्यांना क्रॉकर्ड आणि उघड्या डोक्याच्यांना पोलार्ड म्हणत. 1299 च्या नाताळात त्यांची किंमत अर्ध्या पेनीवर आणली गेली आणि 1300 मध्ये ती बाद झाली. पुढची नक्कल जास्त फसवी आहे, तीत मुकुटही आहे. गोशे द शातियोंच्या नाण्यांवर जी-ए-एल-सी-एच-एस ने सुरुवात होते; लक्झेंबर्गच्या आंधळ्या जॉनच्या, 1309 ते 1346, काही नाण्यांवर ई-आय-डब्ल्यू-ए-एन-ई-एस आहे, जे घाईत एडवर्डसारखंच वाचलं जातं. तिसरं अक्षर ‘डब्ल्यू’ आहे म्हणून समाधान मानू नका, दुसरं वाचा. मागच्या बाजूचं गावही वाचा. लंडन असं दिसलं तरी अक्षरांची घडण वेगळी असू शकते.

प्रश्न: नाणं साफ केल्यावर लेख नीट वाचता येईल का?

कडक माती असेल तर स्वच्छ साध्या पाण्यात भिजवून मऊ काडीने ती सोडवा. त्यापलीकडे काही करू नका. चांदीवरचा काळा थर काढला की त्याबरोबर अक्षरांच्या बारीक कडा जातात, आणि तुटक्या पंचाची खूण त्या कडांवरच असते.

प्रश्न: इंग्लंडमध्ये जमिनीतून निघालेली अशी नाणी नोंदवावी लागतात का?

इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये 1996 चा ट्रेझर कायदा लागू आहे. एकाच ठिकाणी 300 वर्षांहून जुनी, निदान 10 टक्के चांदी किंवा सोनं असलेली दोन किंवा जास्त नाणी सापडली तर 14 दिवसांत कॉरोनरला (अशा ठेव्यांची चौकशी करणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याला) कळवावं लागतं. एकटं नाणं सहसा त्यात येत नाही, पण इंग्लंड-वेल्समधली, सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणारी पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम त्याची स्वेच्छेने नोंद घेते. तिची सूची सर्वांना खुली आहे आणि ठसा जुळवायला फार उपयोगी पडते. 1180 पूर्वीच्या एकट्या सापडलेल्या नाण्यांसाठी केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियमची नोंदसूची पाहावी. विकत घेताना सापडल्याचं ठिकाण आणि नोंदक्रमांक मागा. देशाबाहेर नेण्यासाठी परवान्याची गरज पडू शकते, तेही विक्रेत्याकडून आधी स्पष्ट करून घ्या.

प्रश्न: घरच्या घरी घनता मोजून खोटी पेनी पकडता येते का?

साध्या तराजूवर नाही. स्टर्लिंग चांदीची, म्हणजे 92.5 टक्क्यांची, घनता सुमारे 10.36 आहे. 1.40 ग्रॅमची पेनी पाण्यात टांगली की वजन फक्त 0.135 ग्रॅमने घटतं. तराजू 0.01 ग्रॅमपर्यंतच दाखवत असेल तर एवढ्याशा चुकीने उत्तर 9.7 ते 11.2 यांमध्ये कुठेही जातं, म्हणजे काहीच ठरत नाही. 0.001 ग्रॅमचा तराजू हवा. पाण्यात साबणाचा एक थेंब टाका म्हणजे बुडबुडे धरणार नाहीत, बारीक दोऱ्याने नाणं पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका आणि तीन वेळा मोजा. ग्रोटसाठी 0.01 चा तराजू कसाबसा चालतो.

मुलामा दिलेलं जुन्या काळचं खोटं नाणं कडेवर आणि उंच भागांवर ओळखू येतं. चांदी झिजून खालचं तांबं हिरवं किंवा लालसर दिसतं. ओतीव नाण्यावर अक्षरांच्या कडा बुळबुळीत असतात, सपाट भागावर बारीक छिद्रं असतात आणि कडेला कधी घासून काढलेला जोड असतो. घावाच्या नाण्यात चांदी ठशात ढकलली गेलेली असते, म्हणून अक्षराच्या पायाशी बाहेर पसरत जाणाऱ्या बारीक रेषा दिसतात. ओतीवात त्या विरलेल्या असतात.

ठसे जुळवताना शेवटची एक काळजी. ठसा एकच असला तरी प्रत्येक चकती वेगळी कापलेली, वेगळी ठेवलेली आणि वेगळी चिरलेली असते. दोन नाण्यांचा ठसा जुळला तर उत्तम. पण कडेचा आकार, चिरेची जागा, घाव कुठे कमी बसला ती बाजू, हे सगळंही जुळलं तर दोन्हींपैकी निदान एक साच्यातून ओतलेलं आहे, मग त्यावरचा प्रकार कितीही दुर्मीळ वाटला तरी.